थकबाकीचा रकाना

२०२४ च्या मार्च महिन्यातला शेवटचा आठवडा होता. भर दुपारी आमच्या गल्लीत अचानक ढोल वाजू लागला. त्या दिवशी सण नव्हता, कोणाकडे लग्नकार्य नव्हते आणि लोकसभेचा प्रचार अजून आमच्या भागापर्यंत आलेला नव्हता, म्हणून मी गॅलरीत येऊन पाहिले. टेम्पोतून उतरलेली दोन मुले गळ्यात ढोल अडकवून समोरच्या शिंप्याच्या दुकानापुढे उभी होती आणि त्यांच्या मागे महापालिकेचे वसुली पथक होते. आर्थिक वर्ष संपत आले की मालमत्ता कराच्या थकबाकीदारांच्या दारात असे वाद्य वाजवण्याची पद्धत आता अनेक शहरांत रुळली आहे, वर्तमानपत्रांत तिचे फोटोही येतात. पण मी ते इतक्या जवळून प्रथमच पाहत होते. शिंपी दुकानाच्या पायरीवर आला. त्याच्या गळ्यात मापाची टेप होती आणि हातात अर्धवट बेतलेले ब्लाउजपीस तसेच राहिले होते. त्याने शटरला हात घातला, ते अर्ध्यापर्यंत खाली ओढले आणि मग ते लावून घ्यावे की उघडे ठेवावे हे न सुचून तो तसाच थांबला. पथकातल्या कर्मचाऱ्याने यादीतले नाव आणि रक्कम मोठ्याने वाचली. समोरच्या इमारतींतून माणसे डोकावत होती, कोपऱ्यावरची मुले धावत येऊन ढोलवाल्यांना खेटून उभी राहिली होती. शिंपी एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, आधी वाजवणं थांबवा. मी काढतो पैसे.’’ शिलाई मशीनच्या खणातून बॉबिन, खडू, बटणे बाजूला सारून त्याने नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि पुढे केल्या. पावती फाटली, टेम्पो पुढच्या गल्लीत गेला. सगळा प्रकार फार तर पाव तासाचा.

तो माणूस थकबाकीदार होता यात शंका नाही. कर भरायलाच हवा, आणि थकवला तर महापालिकेने तो मागायलाच हवा, असे मी पूर्वीपासून मानत आले आहे. रस्ते, गटारे, शाळा, दिवाबत्ती यांचा खर्च कुठून तरी यावाच लागतो आणि एकाने चुकवलेला भार दुसऱ्याच्या पाठीवर पडतो. त्यामुळे त्या दुपारी मला झालेला त्रास शिंप्याला पैसे भरावे लागले याचा नव्हता. त्याच आठवड्यात लोकसभेच्या उमेदवारांची शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर येऊ लागली होती आणि मी ती नेहमीप्रमाणे उत्सुकतेने वाचत बसले होते. त्यांतल्या एका शपथपत्रात शासकीय देण्यांच्या रकान्यात आयकराची एक मोठी रक्कम होती, शिंप्याने मोजून दिलेल्या नोटांच्या कितीतरी पट, आणि तिच्यापुढे लिहिले होते की हे देणे वादग्रस्त असून अपील प्रलंबित आहे. खाली स्वाक्षरी, नोटरीचा शिक्का, गोल ठसठशीत. तो उमेदवार दुसऱ्या दिवशी वाजतगाजत सभेला गेला असणार.

एका थकबाकीपुढे ढोल वाजला आणि दुसरी रकान्यात शांतपणे बसून राहिली.

हे दोन प्रसंग एकमेकांशी तोलणे पूर्णपणे न्याय्य नाही, याची मला जाणीव आहे. मालमत्ता कर आणि आयकर या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे कायदे वेगळे, वसूल करणारे वेगळे. वाद घालण्याचा हक्कही प्रत्येक नागरिकाला आहे. कर अधिकाऱ्याने लावलेला आकडा हा अंतिम शब्द नसतो आणि अपिलात असे आकडे पुष्कळदा कमी होतात किंवा पुसले जातात. तरीही राजकारण्यांना थकलेल्या करांबाबत सौम्य वागणूक मिळते का, हा प्रश्न त्या आठवड्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याचे सरधोपट उत्तर ‘हो, मिळतेच’ असे चौकात उभा असलेला कोणीही देईल. मला ते उत्तर पुरत नाही. सवलत मिळते तर ती नेमकी कशात मिळते? रकमेत, व्याजात, शिक्षेत, की आणखी कशात?

या प्रश्नाची माझी सर्वांत जुनी आठवण वडिलांची आहे. ते सरकारी नोकरीत होते आणि त्यांचा आयकर पगारातूनच कापला जात असे. हातात पगार यायचा तो कर वजा होऊनच. बाबू जगजीवनराम यांचे नाव निघाले की त्यांच्या आवाजात आदर आणि दुखावलेपण एकाच वेळी यायचे. दलित समाजातून आलेला इतका कर्तबगार मंत्री, संरक्षण आणि शेतीसारखी खाती ज्यांनी समर्थपणे सांभाळली, त्यांनी दहा वर्षे आयकराची विवरणपत्रेच भरलेली नव्हती, हे १९६९ च्या काँग्रेस फुटीच्या गदारोळात बाहेर आले होते. इंदिरा गांधींनी त्यांची बाजू घेताना कामाच्या व्यापात ते विसरले असतील, अशा अर्थाचे स्पष्टीकरण दिले. पुढे कर भरला गेला आणि राजकीय कारकीर्द चालू राहिली. वडील म्हणत, ‘‘आम्हाला विसरायची सोयच नाही बघ. आमचं सरकार आमच्या आधी लक्षात ठेवतं.’’ ते हे रागाने म्हणत नसत. एखाद्या मोठ्या माणसाकडून झालेली छोटी निराशा मनात राहून जावी, तसे म्हणत. त्या वेळी मला त्यातले काही कळत नव्हते. आज वाटते की वडिलांनी प्रश्नाचा गाभा बरोबर पकडला होता. पगारदाराचा कर त्याच्या स्मरणशक्तीवर किंवा सचोटीवर सोडलेला नसतो. ज्यांचे उत्पन्न अनेक वाटांनी येते त्यांच्याबाबतीत मात्र कायदा त्यांनी स्वतःहून येऊन सांगण्याची वाट पाहतो, आणि ते आले नाहीत तर त्यांना विचारायला जाण्याचे धाडस कोणीतरी करावे लागते. मंत्र्याच्या दारात नोटीस घेऊन जाणारा अधिकारी त्याच मंत्रिमंडळाच्या हाताखाली काम करत असतो.

विसरण्याची ही मुभा फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. २००९ च्या जानेवारीत अमेरिकेत टिमोथी गाइथनर यांचे नाव अर्थमंत्रिपदासाठी पुढे आले तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत असताना त्यांनी स्वयंरोजगारितांनी भरावयाचा कर भरला नव्हता, हे उघड झाले. एकूण कर सुमारे ३४ हजार डॉलरचा. त्यातल्या दोन वर्षांचा कर २००६ मधल्या तपासणीनंतर व्याजासह भरला गेला आणि त्या वर्षांचा दंड तिथल्या कर खात्याने माफ केला; उरलेल्या आधीच्या दोन वर्षांचा कर त्यांचे नाव मंत्रिपदासाठी पुढे येण्याच्या सुमारास भरला गेला. सिनेटने ६० विरुद्ध ३४ मतांनी त्यांची नियुक्ती मान्य केली आणि ज्या खात्याच्या अखत्यारीत कर गोळा होतो त्या खात्याचे ते प्रमुख झाले. सुमारे आठवड्याभरात टॉम डॅशल यांनी आरोग्यमंत्रिपदासाठीचे आपले नाव मागे घेतले, कारण त्यांनी वापरलेल्या गाडी आणि चालकावरचा कर त्यांनी उशिरा भरला होता. एकाच महिन्यातली ही दोन माणसे; एक टिकला, एक गेला. मला यातले महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, दोघांच्याही बाबतीत पैसे शेवटी भरले गेले. प्रश्न पैशाचा नव्हता, ते कधी आणि कशामुळे भरले गेले याचा होता. पद मिळण्याची वेळ आली, कागद तपासले जाणार हे दिसले, आणि हिशेब पूर्ण झाला. पद समोर नसते तर जुनी वर्षे जुनीच राहिली असती.

त्याच देशाच्या उपराष्ट्राध्यक्षाबाबत तर न्यायाधीशानेच सवलतीची कबुली दिली होती. स्पायरो अ‍ॅग्न्यू यांनी १० ऑक्टोबर १९७३ रोजी राजीनामा दिला आणि १९६७ सालच्या करचुकवेगिरीच्या एका आरोपाला विरोध न करण्याची भूमिका घेतली. १० हजार डॉलर दंड आणि तीन वर्षांची परिवीक्षा, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या अटीवर सुटका; तुरुंगवास नाही. करचुकवेगिरीच्या खटल्यात आपण एरवी तुरुंगवास देतो, पण इथे महान्यायवादींच्या शिफारशीमुळे तो देत नाही, असे न्यायाधीशांनी सांगितले. देशाला त्या दिवसांत वॉटरगेटच्या, म्हणजे अध्यक्ष निक्सन यांच्याभोवतीच्या घोटाळ्याने घेरले होते आणि अध्यक्षपदाच्या एक पायरी खालच्या माणसाला लवकरात लवकर बाजूला करणे निकडीचे होते, हे मला समजते. तो निर्णय कदाचित शहाणपणाचाही असेल. पण त्यात एक गोष्ट उघड मान्य केली गेली, की पदाचे वजन शिक्षेच्या पारड्यातून काही उतरवू शकते.

आपल्याकडे असे कोणी मोकळेपणाने बोलत नाही. आपल्याकडची सवलत वेळेच्या रूपाने मिळते. जयललितांचा आयकराचा खटला मला याच कारणासाठी आठवतो. १९९० च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांची विवरणपत्रे भरली नाहीत, त्यांत त्यांची स्वतःची आणि निकटवर्ती शशिकला यांच्याबरोबरच्या भागीदारी संस्थेची होती, असा आयकर विभागाचा आरोप होता. खटले त्याच दशकात दाखल झाले. त्यानंतर त्या दोनदा विधानसभेच्या निवडणुका जिंकून मुख्यमंत्री झाल्या. खटला रद्द करण्याच्या मागण्या एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात जात राहिल्या आणि अखेर ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या फेटाळून चार महिन्यांत खटला पूर्ण करावा, असा आदेश दिला. निकाल लागायचा तो लागलाच नाही. सुमारे दोन कोटी रुपये भरून आयकर विभागाशी तडजोड झाली आणि २०१५ च्या सुरुवातीला प्रकरण मिटले. यात बेकायदेशीर काहीच नाही. अशी तडजोड करण्याची तरतूद आयकर कायद्यात आहे आणि तिच्यासाठी कोणीही करदाता अर्ज करू शकतो. मात्र एवढी वर्षे खटला जिवंत ठेवायला लागणारे वकील, तारखांमागून तारखा, अपिलांवर अपिले हे सारे कोणाला परवडते? शिंप्याने महापालिकेचा आकडा चुकीचा आहे असे म्हटले असते, आणि कदाचित तो चुकीचा असेलही, तरी त्याला एक दिवसाची मजुरी बुडवून खिडकीपुढे उभे राहावे लागले असते. तिथून दुसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या मजल्यावरून जेवणाच्या सुट्टीनंतर या, असे ऐकून परतावे लागले असते. तोवर मालमत्ता कराच्या थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढतच राहते.

कायद्याचे शब्द खरोखर सर्वांना सारखेच आहेत, हे मी मुद्दाम तपासून पाहिले. आयकराची मागणी वादात असेल आणि पहिल्या अपिलाचा निर्णय व्हायचा असेल, तर सर्वसाधारणपणे वादातल्या रकमेच्या २० टक्के भरून उरलेल्या वसुलीला स्थगिती मिळते. प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ साली ठरवून दिलेला हा दंडक कोणत्याही करदात्यासाठी आहे. त्यात कुठेही ‘खासदारांसाठी’ किंवा ‘मंत्र्यांसाठी’ असे लिहिलेले नाही. म्हणूनच राजकारण्यांची सवलत कागदावर शोधायला गेले तर सापडत नाही. ती सापडते ती कागदांच्या मधल्या जागेत: नोटीस निघायला लागलेल्या वर्षांत, पुढच्या तारखेत, फाईल ‘वर’ पाठवली आहे या उत्तरात. हे एखाद्या आदेशाने घडत नाही. हाताखालच्या माणसांनी वरच्या माणसाची गैरसोय आधीच ओळखून टाळण्याची जी सवय आपल्या कार्यालयांत मुरलेली आहे, तिने ते आपोआप घडते. त्यासाठी कोणाला फोनही करावा लागत नाही, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच.

त्याच मार्चमध्ये याच्या अगदी उलट भासणारी गोष्ट घडत होती. राजकीय पक्षांचे उत्पन्न आयकरातून मुक्त असते, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरावे लागते आणि दोन हजार रुपयांपेक्षा मोठी देणगी रोखीने घेता येत नाही. २०१७-१८ या आर्थिक वर्षासाठी काँग्रेसने या दोन्ही अटी मोडल्या, असे म्हणून आयकर विभागाने सूट नाकारली होती आणि ती वसुली २०२४ च्या फेब्रुवारीत बँक खात्यांपर्यंत पोहोचली. मार्चच्या अखेरीस आणखी वर्षांच्या नोटिसा आल्या आणि एकूण मागणी काही हजार कोटींवर गेली. ऐन निवडणुकीच्या तोंडावर आपला श्वास कोंडला जातो आहे, असे पक्षाचे म्हणणे होते. नियम सर्वांना सारखा, असे विभागाचे. १ एप्रिल रोजी विभागाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की निवडणूक होईपर्यंत सक्तीची कारवाई करणार नाही. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०१७-१८ च्या प्रकरणात पक्षाचे अपील फेटाळले. हे सारे वाचताना मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले. विवरणपत्र उशिरा भरल्याचा दंड मला भरावा लागतो तर पक्षालाही भरावा लागावा, हे मला मनापासून मान्य आहे. पण सहा वर्षांपूर्वीच्या चुकीचा तगादा नेमका मतदानाच्या काही आठवडे आधी दाराशी यावा, आणि नेमका विरोधी पक्षाच्या दाराशी यावा, याने माझा विश्वास वाढला नाही. राजकारण्यांना सौम्य वागणूक मिळते का, या प्रश्नाला इथे दुसरी बाजू दिसते. ज्या यंत्रणेला सत्तेकडे पाहून कानाडोळा करता येतो, तिला सत्तेकडे पाहून डोळे वटारताही येतात. सौम्यता आणि सक्ती या तिथे एकाच नळाच्या दोन बाजू होतात आणि तो नळ नागरिकांच्या हातात नसतो.

आणि तरीही नियम सरळ, कठोर आणि पदाकडे न पाहणारा करता येतो, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे. त्याच्या कलम १४ नुसार, ग्रामपंचायतीच्या कराचे बिल रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांत सदस्याने कर भरला नाही, तर तो सदस्य म्हणून अपात्र ठरतो. घरपट्टी असो, पाणीपट्टी असो, काही शे रुपयांची असो. मी गावाकडे अशी दोन-तीन प्रकरणे जवळून ऐकली आहेत. निवडून आलेल्या एका सदस्य बाईंचे पद घरपट्टीच्या थकबाकीवरून गेले तेव्हा तक्रार करणारा निवडणुकीत पडलेला विरोधक होता. त्याने माहितीच्या अधिकारात नमुना ९ ची, म्हणजे करमागणीच्या नोंदवहीची, नक्कल काढली आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे नेले. बाईंचे म्हणणे होते की बिल त्यांच्या हातात मिळालेच नाही. ग्रामसेवकाने ते त्यांच्या दिराकडे दिले होते, आणि दिराशी त्यांचे बोलणे बंद होते. ओसरीवर बसून बाई मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या मांडीवर तक्रारीच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी होती आणि त्या तिची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होत्या. ‘‘चारशे रुपये होते हो ताई. कोणी नुसतं दारात येऊन सांगितलं असतं तरी दिले असते.’’

या नियमाचा वापर अनेकदा गावातली उणीदुणी काढण्यासाठी होतो, हे मला माहीत आहे. बिल खरोखर बजावले गेले होते का, यावरून कितीतरी प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. त्यामुळे कठोरपणा म्हणजेच न्याय, असे मी म्हणणार नाही. मला खुपते ते वेगळेच. चारशे रुपयांच्या घरपट्टीवरून गावच्या सदस्याचे पद जाऊ शकते, हे आपल्या विधिमंडळाला योग्य वाटले. त्यामागचा विचारही चांगला आहे: जो कर ठरवतो आणि लोकांकडून मागतो, त्याने आधी स्वतः भरलेला असावा. मग हाच विचार पायरी चढत वर गेल्यावर कुठे विरतो? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आमदार-खासदारांच्या अपात्रतेची कारणे आहेत: ठरावीक गुन्ह्यांतली शिक्षा, निवडणुकीतले भ्रष्ट व्यवहार, सरकारी कंत्राट, निवडणूक खर्चाचा हिशेब न देणे. थकलेला कर त्यांत नाही. निवडणूक खर्चाचा हिशेब वेळेत दिला नाही तर उमेदवार अपात्र ठरू शकतो, पण सरकारचा कर वर्षानुवर्षे दिला नाही तर नाही. देशभराचे कराचे दर संसदेत ठरतात. तिथे बसणाऱ्याकडून आपण जे मागत नाही, ते गावातल्या घरपट्टीचा दर ठरवणाऱ्या सदस्य बाईंकडून मागतो.

त्यापलीकडेही काही आहे, आणि ते तर कायद्यातच लिहिलेले होते. उत्तर प्रदेशात १९८१ साली, विश्वनाथ प्रताप सिंह मुख्यमंत्री असताना, असा कायदा झाला की मंत्र्यांच्या वेतनावरचा आयकर राज्याच्या तिजोरीतून भरला जाईल. बहुतेक मंत्री गरीब असतात, हे त्याचे कारण सांगितले गेले. सरकारे बदलली, एकमेकांची तोंडे न पाहणारे पक्ष आळीपाळीने आले, शपथपत्रांतल्या मालमत्ता कोटींत गेल्या, आणि तो कायदा चालूच राहिला. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वर्तमानपत्रात बातमी आली, त्या वर्षीचे बिल सुमारे ८६ लाख रुपयांचे होते, आणि बातमी येताच सरकारने ही पद्धत बंद करण्याची घोषणा केली. मध्य प्रदेशात असाच १९७२ चा नियम होता; तो मंत्रिमंडळाने २०२४ च्या जूनमध्ये रद्द केला. रक्कम राज्याच्या अंदाजपत्रकापुढे नगण्य आहे, हे मी मान्य करते. पण ज्या तिजोरीत त्या राज्यातल्या शिंप्यांचे आणि शिक्षकांचे पैसे जमा होतात, तिच्यातून मंत्र्यांचा कर भरला जात होता आणि विधानसभेतल्या एकाही बाजूला त्याची लाज वाटली नाही, या गोष्टीचे मला खरोखर वाईट वाटते. कायदा बातमीने गेला. म्हणजे तो कोणाला तरी चुकीचा वाटावा यासाठी तो दिसण्याचीच काय ती गरज होती.

फ्रान्समध्येही एका बातमीनेच सुरुवात झाली होती. जेरोम काउझाक हे तिथले अर्थसंकल्प मंत्री, करचुकवेगिरीविरुद्धची मोहीम त्यांच्याच खात्याची. स्वित्झर्लंडमध्ये आपले कोणतेही खाते नाही, असे त्यांनी २०१२ च्या डिसेंबरमध्ये संसदेत सर्वांसमोर सांगितले. पुढच्या मार्चमध्ये राजीनामा आणि एप्रिलच्या २ तारखेला कबुली. अपिलात २०१८ साली त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, त्यातली दोन स्थगित, तीन लाख युरो दंड आणि पाच वर्षे निवडणूक लढवण्यास बंदी. मला त्या शिक्षेपेक्षा २०१३ सालीच तिथे जे केले गेले ते अधिक मोलाचे वाटते. आर्थिक गुन्ह्यांसाठी देशपातळीवर स्वतंत्र अभियोग कार्यालय उभारण्याचा कायदा झाला, आणि मंत्री व खासदारांची मालमत्ता-विवरणे तपासणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाचाही. एका मंत्र्याच्या खोटेपणातून त्या देशाने आपली तपासणीची व्यवस्था बदलली. ज्याच्या हाती नोटीस काढण्याचे काम आहे, त्याने ज्याला नोटीस काढायची त्याच्या हाताखाली असू नये, एवढी साधी गोष्ट त्यांनी त्या धक्क्यातून ओळखली.

आपल्याकडे असा धक्का न बसताही एक चांगली गोष्ट झाली, ती म्हणजे हे शपथपत्र. २००२ आणि २००३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, देणी आणि गुन्हे लिहून द्यावे लागू लागले. २०१३ साली न्यायालयाने रकाने कोरे सोडायचे नाहीत असे बजावले आणि २०१९ पासून पाच वर्षांच्या विवरणपत्रांतले उत्पन्नही लिहावे लागते. नमुना २६ मध्ये, म्हणजे या शपथपत्राच्या ठरलेल्या नमुन्यात, शासकीय देण्यांची आता तपशीलवार यादी असते: सरकारी निवासस्थान, पाणी, वीज, टेलिफोन, सरकारी विमान आणि हेलिकॉप्टर, आयकर, वस्तू व सेवा कर, महापालिकेचा मालमत्ता कर. हे कागद घरबसल्या कोणालाही वाचता येतात आणि मी ते वाचते. एखाद्याच्या आयुष्याची पाने उलटल्यासारखे वाटते. शेतजमीन कुठे, दागिने किती तोळे, पत्नीच्या नावावर काय. बहुतेक शपथपत्रांत थकबाकीपुढे ‘निरंक’ असते आणि ते वाचून बरे वाटते. पण जिथे रक्कम असते आणि ती वादात असल्याचे लिहिलेले असते, तिथे वाचकाला पुढे काही कळण्याची सोय नसते. वाद कोणापुढे आहे ते लिहावे लागते. तो कधीपासून आहे ते लिहावे लागत नाही.

म्हणून पुढच्या लोकसभा निवडणुकीच्या आत त्या रकान्याला आणखी तीन रकाने जोडावेत, असे पत्र मी निवडणूक आयोगाला लिहिले आहे आणि ज्यांना पटेल त्यांनीही लिहावे अशी माझी विनंती आहे. मागणीची पहिली नोटीस कोणत्या तारखेला मिळाली, त्यानंतर त्या रकमेपैकी किती आणि कधी भरले, आणि प्रकरणात आजवर किती वेळा मुदतवाढ मागितली गेली. यासाठी संसदेला नवा कायदा करण्याची गरज नाही, नियमांतला नमुना बदलावा लागेल; २०१९ मध्ये तो असाच बदलला गेला होता. ज्याचे अपील गेल्या वर्षीचे आहे आणि ज्याने आपला २० टक्के वाटा भरलेला आहे, त्याच्याकडे मतदार संशयाने पाहणार नाहीत. ज्याची नोटीस अकरा वर्षांपूर्वीची आहे आणि भरलेल्या रकमेपुढे शून्य आहे, त्याला सभेत कोणीतरी उभे राहून त्या अकरा वर्षांबद्दल विचारू शकेल.